ज्वालामुखीच्या खडीवरून सायकल

सायकल हें वाहन महाराष्ट्रांत इतकें जुनें आणि इतकें घरचें झालें आहे कीं, तिच्याविषयीं कांहीं नवें सांगावयाचें उरलें असेल असें सहसा कोणास वाटत नाहीं. शाळामास्तर, टपालवाला, दूधवाला, गिरणींतील कामगार या सर्वांना तिनें पिढ्यान्‌पिढ्या वाहून नेलें. पुण्यास तर एके काळीं सायकलींचें शहर असेंच म्हणत. परंतु सायकल म्हटली कीं रस्ता आला, आणि रस्ता म्हटला कीं तो गुळगुळीत असावा, अशी आपली समजूत असते. खडीचा रस्ता लागला कीं खालीं उतरावें आणि सायकल हातांत धरून चालावें, ही आपली रीत. गेल्या कांहीं वर्षांत पाश्चात्त्य देशांत या रीतीच्या उलट एक छंद रूढ झाला आहे. डांबरी रस्ता मुद्दाम टाळावयाचा आणि जेथें खडी, मुरूम, रेती पसरलेली असेल त्याच वाटेनें दिवसभर सायकल हांकावयाची, असा हा छंद आहे. त्यासाठीं बनविलेल्या सायकलीस तिकडे ‘ग्रॅव्हल बाइक’, म्हणजे खडीची सायकल, असें म्हणतात.

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यांत एम्पोरिया नांवाचें गांव आहे. त्याच्या भोंवतालीं गारगोटीच्या टेकड्यांमधून जाणारे कच्चे रस्ते पुष्कळ. त्या रस्त्यांवर २००६ सालीं दोनशें मैलांची एक शर्यत सुरू झाली आणि या छंदास बरीच प्रसिद्धि मिळाली. पुढें २०२२ सालीं सायकलींच्या जागतिक संघटनेनें खडीवरील पहिली जागतिक अजिंक्यपदाची शर्यत इटलींत भरविली. परंतु शर्यत ही या छंदाची एकच बाजू झाली. पुष्कळसे स्वार बक्षिसासाठीं जात नाहींत. ज्या मुलखांत मोटार धड चालत नाहीं आणि पायीं जावें तर दिवस पुरत नाहीं, असा मुलूख पाहण्यासाठीं ते जातात. अशा मुलखांत ज्वालामुखीच्या पठारांचें स्थान मोठें आहे. कारण तेथील खडी कोणी फोडून आणून टाकलेली नसते. ती पृथ्वीच्या पोटांतून उसळून जेथें पडली तेथेंच पसरलेली असते.

अशा एका पठाराची ओळख मराठी माणसानें करून घेणें विशेष अगत्याचें आहे. मादागास्कर बेटाच्या पूर्वेस हिंदी महासागरांत रेयूनियन नांवाचें बेट आहे. विस्तारानें तें गोव्याच्या सुमारें दोन-तृतीयांश भरेल. १९४६ सालापासून तें फ्रान्सचाच एक जिल्हा म्हणून गणलें जातें. या बेटाच्या आग्नेय भागांत ‘पितों द ला फुर्नेझ’ नांवाचा ज्वालामुखी आहे. या नांवाचा अर्थ भट्टीचें शिखर. त्याची उंची २६३२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जवळजवळ एक हजार मीटर अधिक. जगांतील अत्यंत जागृत ज्वालामुखींत त्याची गणना होते. सरासरीनें पाहूं गेल्यास वर्षास एखादा उद्रेक पडतो. बेटाच्या अंतर्भागांतील डोंगराळ प्रदेश २००७ सालीं राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला आणि २०१० सालीं तेथील शिखरें, दऱ्या व कडे यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत करण्यांत आला.

या दूरच्या बेटाशीं महाराष्ट्राचें नातें फार जुनें आहे. दख्खनचें पठार आणि सह्याद्रीचे कडे हे सुमारें सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हारसाच्या थरांचे बनलेले आहेत, हें आतां शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. हा रस आला कोठून, याचें उत्तर शोधतां शोधतां भूशास्त्रज्ञ याच बेटापाशीं पोंचले. त्यांतील बहुतेकांचें मत असें कीं, पृथ्वीच्या कवचाखालीं खोलवर एक अतितप्त स्थान आहे व तें जवळजवळ जागच्या जागीं राहून वरच्या कवचास भोंक पाडीत असतें. हिंदुस्थानचा भूखंड त्या काळीं त्या स्थानावरून उत्तरेकडे सरकत होता. खालची शेगडी एका ठिकाणीं असावी आणि वरचा तवा सरकत जावा, म्हणजे तव्यावर डागांची एक ओळ उमटेल, तसाच हा प्रकार झाला. पहिला आणि सर्वांत मोठा डाग म्हणजे दख्खन. त्यानंतरची ओळ लक्षद्वीप, मालदीव व शागोस यांच्या खालील समुद्रांतील डोंगररांगेंत दिसते. पुढें मॉरिशस बेट तयार झालें, जेथें आपलें मराठीपण जपणारीं कुटुंबें आजहि नांदत आहेत. आणि या ओळींतील शेवटचें, अद्याप न थंडावलेलें ठिकाण म्हणजे रेयूनियन. तेव्हां त्या बेटावर जो कोणी चाकाखालीं खडी तुडवितो, तो एका अर्थीं सह्याद्रीच्या बाळपणावरून जात असतो.

ज्वालामुखीकडे जाणारी वाट ‘बूर-म्युरा’ नांवाच्या गांवापासून निघते. हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें १६०० मीटर उंचीवर आहे. ज्वालामुखीवर अहोरात्र पहारा ठेवणारी वेधशाळा आणि ज्वालामुखीची माहिती देणारें संग्रहालय हीं दोन्ही येथेंच आहेत. येथून कड्यापर्यंतचें अंतर वीस-पंचवीस किलोमीटर असून तेवढ्यांत सातशें मीटरांहून अधिक चढ आहे. जाणता स्वार पहांटे, तारे दिसत असतांनाच निघतो. त्याचें कारण असें कीं, समुद्रावरून येणारा आग्नेयेचा वारा दिवस वर आल्यावर ढग डोंगरावर चढवितो आणि सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास जेथें सर्व दिशा मोकळ्या होत्या तेथें दहा पावलांवरचें दिसेनासें होतें.

आरंभीं रस्ता गाईंच्या कुरणांमधून जातो. गवताळ टेकड्या, लांकडी कुंपणें, सकाळचें दंव, हा देखावा पाहून आपण उष्ण कटिबंधांत आहों हें खरें वाटत नाहीं. पुढें कुरणें संपतात आणि वाऱ्यानें वांकलेलीं खुरटीं झुडपें लागतात. डाव्या-उजव्या अंगास दऱ्यांचे उभे कडे एकाएकीं समोर येतात. वाटेलगतच ‘कोमेर्सों’ नांवाचें एक विझलेलें विवर आहे. त्याच्या कांठावरून खालीं पाहिलें असतां दोनशें मीटरांहून अधिक खोल खड्डा दिसतो. फिलिबेर कोमेर्सों हा अठराव्या शतकांतील फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ. आपल्या अंगणांतील बोगनवेल प्रथम ब्राझील देशांत गोळा करून जगापुढें आणली ती त्याच्याच सफरींत. ज्या विवरास त्याचें नांव दिलें आहे, तेथील पर्जन्यमापकानें २००७ सालच्या फेब्रुवारींत एक अद्भुत नोंद केली. ‘गामेद’ नांवाच्या चक्रीवादळांत तेथें तीन दिवसांत सुमारें ३९३० मिलिमीटर पाऊस पडला. पुण्यास पांच वर्षांत पडतो त्याहून हा अधिक आहे. आणि तीन दिवसांत पडलेल्या पावसाचा हा जागतिक विक्रम ठरला आहे.

चमत्कार असा कीं, जेथें एवढा पाऊस पडतो तेथून पुढें स्वारास पिण्यास पाण्याचा थेंब मिळत नाहीं. ओढा नाहीं, झरा नाहीं, डबकेंहि टिकत नाहीं. याचें कारण जमिनीच्या जातींत आहे. चढ संपून खिंड येते आणि एकदम खालीं एक विस्तीर्ण, तांबूस-काळें, ओसाड मैदान पसरलेलें दिसतें. याचें नांव ‘प्लेन दे साब्ल’, म्हणजे वाळूचें पठार. येथें डांबर मागें राहतें. नागमोडी वळणांनीं रस्ता खालीं उतरतो आणि मैदानावरून खडीची पट्टी सरळ पुढें जातें तशी धांवते. वाळू म्हटली तरी ही नदीची किंवा समुद्राची वाळू नव्हे. ही ज्वालामुखीची खडी आहे, आणि हिच्या प्रत्येक खड्यांत अगणित भोंकें आहेत. पडलेलें पाणी या भोंकांमधून व खड्यांच्या फटींमधून क्षणांत खोल निघून जातें.

हीं भोंकें कशीं पडलीं, हें समजून घेण्यासाठीं स्वयंपाकघरांतील अनुभव पुरेसा आहे. पृथ्वीच्या पोटांतील शिलारसांत पाण्याची वाफ व इतर वायु दाबाखालीं विरघळलेले असतात. रस वर येऊं लागला कीं दाब उतरतो आणि वायूचे बुडबुडे सुटूं लागतात. रस ११०० ते १२०० अंश सेंटिग्रेड उष्ण असतो. तो कारंज्यासारखा उडाला म्हणजे त्याचे थेंब हवेंतच थिजतात आणि बुडबुडे सुटण्यापूर्वीं दगडांत अडकून बसतात. तुपांत सोडलेल्या अनारशास जाळी पडते, तशीच जाळी या खड्यांस पडते. म्हणून हा खडा हातांत घेतला तर अपेक्षेहून हलका लागतो, आणि त्याची कड मात्र फुटक्या कांचेसारखी धारदार असते.

रस उडण्याऐवजीं वाहिला, तर त्याचे दोन प्रकार होतात. पातळ रस सावकाश वाहिला म्हणजे त्यावर तापलेल्या दुधासारखी साय धरते. खालचा रस पुढें सरकतो आणि सायीला सुरकुत्या पडून पिळलेल्या दोराप्रमाणें वळ्या उमटतात. रस जरा घट्ट असला किंवा वेगानें लोटला गेला, तर ती साय फाटते आणि तिच्या चिंधड्या वीटभट्टींतील खंगरासारख्या एकमेकींवर रचल्या जातात. पहिल्या प्रकारच्या दगडावरून चाक जाऊं शकतें. दुसऱ्या प्रकारावर पाय ठेवणेंहि अवघड. वाटेचा खडी, वळी कीं खंगर यांपैकीं कोणत्या जातीशीं संबंध येणार आहे, हें दुरून ओळखणें ही स्वाराची पहिली विद्या होय.

दुसरी विद्या चाकाची. साध्या सायकलीचा टायर अरुंद असतो आणि त्यांत हवा ठासून भरलेली असते. ती सायकल या खडीवर घातली तर चाक सुरीसारखें रुतेल. खडीच्या सायकलीचे टायर रुंद, सुमारें ४० ते ५० मिलिमीटर असतात, आणि त्यांत हवा मुद्दाम कमी ठेवतात. याचा हिशेब सोपा आहे. स्वार, सायकल व सामान मिळून वजन २०० पौंड धरूं. टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचास ८० पौंड असेल, तर दोन्ही चाकांखालीं मिळून अडीच चौरस इंच एवढीच जागा जमिनीस टेकते. तोच दाब ४० पौंड केला तर पांच चौरस इंच टेकते. जागा दुप्पट झाली म्हणजे दर इंचावरचा भार निम्मा झाला. चाक रुतत नाहीं, उलट नरम टायर खड्याभोंवतीं गुंडाळला जाऊन त्यास धरून ठेवतो. अनवाणी पाऊल खडकावर कसें घट्ट बसतें आणि नाल मारलेला जोडा कसा घसरतो, हें ज्यानें पाहिलें असेल त्यास यांतील मर्म तत्काळ कळेल. धारदार खड्यांनीं टायर चिरतो, म्हणून पुष्कळ स्वार आंतली रबरी नळी काढून टाकतात आणि टायरमध्यें एक चिकट द्रव ओततात. बारीक छिद्र पडलें तर हवेबरोबर तो द्रव बाहेर येऊं लागतो आणि छिद्रांतच घट्ट होऊन तें बुजवितो.

तिसरी अडचण रस्त्यावरील लाटांची. या मैदानावर प्रवाशांच्या मोटारीहि येतात, आणि त्यांच्या चाकांनीं खडीच्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात. यांतहि एक नियम आहे. चाक एखाद्या बारीकशा उंचवट्यावरून उडतें आणि पुढें आपटतें. आपटतें तेथें खळगा पडतो व खळग्यापुढें नवा उंचवटा सांचतो. मागून येणारें प्रत्येक चाक त्याच जागीं उडतें व त्याच जागीं आपटतें. ठराविक गतीहून मंद चालणाऱ्या चाकाखालीं अशा लाटा उठत नाहींत. रस्ता घाईनें बिघडतो, हें येथें अक्षरशः खरें आहे. अशा लाटांवर जो स्वार हात आंवळून धरतो, त्याचीं मनगटें अर्ध्या तासांत बधिर होतात. कोपरें सैल ठेवावीं, बैठकीवरचा भार हलका करून तो पायांवर घ्यावा, पुढचा ब्रेक एकाएकीं दाबूं नये, आणि दृष्टि चाकाजवळ न ठेवतां दहा-पंधरा हात पुढें ठेवावी, असा अनुभवी लोकांचा उपदेश असतो. चाक किंचित् डोललें तर त्यास डोलूं द्यावें. सरळ करण्याचा हट्ट धरणारा पडतो.

एवढ्यानें तयारी पुरी होत नाहीं. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें सुमारें चौथाईनें कमी असतो, म्हणून चढावर दम लवकर लागतो. उष्णताहि कमी होत जाते. किनाऱ्यावर घाम येत असतां येथें चौदा-पंधरा अंश कमी असतात, आणि जून ते ऑगस्ट हा तिकडील हिंवाळा असल्यामुळें त्या दिवसांत रात्रीं पाणी गोठतें. ज्वालामुखीच्या नांवानें माणसाच्या मनांत आगीची भीति असते. थंडीचा विचार त्यास सुचत नाहीं. २०२१ सालच्या एप्रिल महिन्यांत उद्रेक चालू असतांना दोन तरुण विद्यार्थी तो पाहण्यासाठीं गेले आणि परत आले नाहींत. शोधकांस त्यांचे देह सांपडले, तेव्हां लाव्हारसाचा स्पर्शहि त्यांस झालेला नव्हता. थंडीनें गारठून त्यांचा अंत झाला असावा असा निष्कर्ष निघाला. धुकें, पाऊस, वारा आणि अंगावरचे ओले कपडे यांचा संयोग आगीइतकाच मारक ठरतो. म्हणून वाऱ्यापासून वांचविणारा एक कोरडा अंगरखा, दिवसभर पुरेल एवढें पाणी, खाण्यास कांहीं गोड, दिवा, आणि आपण कोठें जातों व केव्हां परतणार हें मागें सांगून जाणें, या गोष्टी त्या वाटेवर चैनीच्या नाहींत.

आगीची चिंता दुसरे लोक वाहत असतात. १९७७ सालीं ज्वालामुखीनें आपली नेहमींची हद्द ओलांडली आणि पितों-सेंत-रोझ नांवाच्या किनाऱ्यावरील गांवांत लाव्हारस शिरला. घरें जळालीं, परंतु तेथील प्रार्थनामंदिराच्या दारापाशीं येऊन प्रवाह भिंतींच्या दोन्ही बाजूंनीं वळला आणि थिजला. तें मंदिर आजहि पूजेंत आहे. या प्रसंगानंतर १९७९ सालीं वेधशाळा स्थापन झाली. डोंगर उद्रेकापूर्वीं किंचित् फुगतो. त्याच्या उतारांचा कल अगदीं सूक्ष्म मानानें बदलतो. पोटांत लहान लहान भूकंपांची गर्दी होते. हीं सर्व लक्षणें वेधशाळेचीं यंत्रें टिपतात, आणि धोका दिसतांच विवराकडील भागांत माणसांस जाण्याची बंदी होते. २००७ सालच्या एप्रिलमध्यें झालेल्या मोठ्या उद्रेकांत शिखरावरील विवराचा तळ कांहीं दिवसांत तीनशें मीटरांहून अधिक खचला. परंतु भाग आधींच रिकामा केलेला असल्यामुळें मोठी प्राणहानि टळली. बंदीची पाटी पाहून ज्यास राग येतो, त्यानें हा इतिहास आठवावा.

येथपर्यंत स्वारास जमिनीपासून असलेल्या धोक्याचें वर्णन झालें. जमिनीस स्वारापासून असलेला धोका याहून कमी महत्त्वाचा नाहीं, आणि तो समजणें अधिक कठीण आहे. मैदान ओसाड दिसतें. येथें बिघडण्यासारखें आहे तरी काय, असें वाटतें. परंतु सायकल उभी करून खालीं वांकून पाहिलें तर काळ्या दगडावर राखी-पांढऱ्या रंगाचा मऊसर थर दिसतो. तें एक दगडफूल आहे. थंड झालेल्या लाव्हावर सर्वांआधीं तेंच येतें. त्याच्या अंगांतील आम्ल रसानें दगड अगदीं सावकाश कुजूं लागतो. वाऱ्यानें आलेली धूळ त्यांत अडकते. मग फटींतून एखादें नेचें डोकें काढतें, पुढें झुडूप धरतें आणि त्याच्या पालापाचोळ्यानें मातीचा पहिला चिमूटभर थर जमतो. आपल्या गप्पीदासाच्या कुळांतील ‘तेक-तेक’ नांवाचा एक लहानसा पक्षी या झुडपांवर बसून बिनधास्तपणें प्रवाशांकडे पाहत असतो. हा पक्षी जगांत या एकाच बेटावर आढळतो.

या सर्व व्यापारास दशकें लागतात, कांहीं जागीं शतकें लागतात. चाकास तें मोडावयास एक क्षण पुरतो. रस्ता सोडून एक जण मौजेखातर मैदानांत शिरला, तर त्याच्या चाकाचा चर मागें उरतो. तो चर पाहून दुसऱ्यास वाटतें कीं ही वाटच आहे. पावसाचें पाणी एरवीं सगळीकडे सारखें जिरतें. तुडवून घट्ट झालेल्या चरांतून मात्र तें वाहूं लागतें आणि भोंवतालची हलकी खडी घेऊन जातें. म्हणून राष्ट्रीय उद्यानांत रस्ता व आंखून दिलेल्या वाटा यांखेरीज चाक नेण्यास मनाई आहे. खडीची सायकल कोठेंहि जाऊं शकते, हाच तिचा गुण आणि हाच तिचा धोका. यंत्राच्या अंगीं सामर्थ्य नव्हतें तोंपर्यंत जमिनीचें रक्षण आपोआप होत होतें. आतां तें स्वाराच्या विवेकावर सोंपलें गेलें आहे.

मैदान ओलांडून थोडा चढ चढलें कीं रस्ता एका उंच कड्यापाशीं संपतो. या जागेस ‘पा द बेलकोंब-जाकोब’ असें म्हणतात. समोर, खालीं, घोड्याच्या नालाच्या आकाराचें प्रचंड कुंड आहे. त्याच्या मध्यभागीं ज्वालामुखीचें शिखर उठलेलें दिसतें. कुंडाचा तळ निरनिराळ्या वर्षांच्या लाव्हारसानें रंगलेला आहे. नवा प्रवाह काळा कुळकुळीत व चकचकीत, जुना राखट, त्याहून जुना तांबूस. पायथ्याशींच १७५३ सालच्या उद्रेकांत झालेली एक लहानशी लाल टेकडी आहे. वाळूंत खळगा करून मुंग्या पकडणाऱ्या किड्याच्या घराशीं तिचें साम्य दिसल्यामुळें तिला त्या किड्याचेंच लॅटिन नांव, ‘फोर्मिका लेओ’, देण्यांत आलें.

या जागेच्या नांवाचीहि एक कथा आहे. १७६८ सालीं बेटाचा फ्रेंच अंमलदार बेलकोंब हा ज्वालामुखी पाहण्यासाठीं येथवर आला. कडा उभा असल्यामुळें खालीं कसें उतरावें हें कोणास सुचेना. उतरण्याची जागा शोधून काढली ती जाकोब नांवाच्या एका गुलामानें. जागेस नांव मात्र अंमलदाराचें पडलें आणि पुढें दीर्घ काळ तेंच चाललें. बेटावरील गुलामगिरी १८४८ सालच्या डिसेंबरांत संपली. जाकोबाचें नांव अंमलदाराच्या नांवाशेजारीं येण्यास त्यानंतरहि फार काळ जावा लागला. आज पाटीवर दोन्ही नांवें आहेत. कुंडांत उतरणारी वाट शेंकडों पायऱ्यांची असून ती पायींच उतरावयाची असते. दोन चाकांचें काम येथें संपतें. सायकल कड्यावर ठेवावी, आणि ढग येण्यापूर्वीं जेवढें पाहतां येईल तेवढें डोळे भरून पाहावें.

हें सर्व पाहण्यास समुद्रापार जाणें प्रत्येकास साधणार नाहीं, आणि त्याची तशी गरजहि नाहीं. रेयूनियनच्या खड्यांत जीं रिकामीं भोंकें आहेत, तींच आपल्या दगडांत भरलेल्या स्थितींत सांपडतात. थरांमधून झिरपणाऱ्या पाण्यानें कोट्यवधि वर्षांत त्यांत पांढरीं, कोठें हिरवट स्फटिकद्रव्यें आणून बसविलीं. विहीर खणणारे लोक अशा ठिपक्याठिपक्यांच्या दगडास मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मधला लाल मातीचा पट्टा हा एका प्रवाहानंतर दुसरा येईपर्यंत गेलेल्या काळाची खूण असते. घाटांतील कच्च्या रस्त्यावर ज्याची सायकल मुरमांत रुतते, त्याच्या चाकाखालीं याच शिलारसाची झिजलेली अवस्था असते. सपाट कातळ, ठिसूळ मांजऱ्या, लाल पट्टा, मुरूम आणि शेवटीं काळी माती, असा हा एकच धडा रेयूनियनमध्यें पहिल्या पानावर आहे आणि आपल्याकडे शेवटच्या.

आणि तेथील नियम आपणांसहि लागू पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर जे सडे आहेत, त्यांवर माती कोठें बोटभर तर कोठें तेवढीहि नाहीं. सातारा जिल्ह्यांतील कासचें पठार २०१२ सालीं सह्याद्रीतील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादींत गेलें तें याच बोटभर मातींतील फुलांमुळें. पावसाळ्यानंतर कांहीं आठवडे फुलणारीं हीं रोपें उरलेलें वर्ष त्या मातींत कंदांच्या व बियांच्या रूपानें निजलेलीं असतात. उन्हाळ्यांत पठार उघडें-बोडकें दिसतें, आणि तेव्हांच गाडीचें चाक त्यावर घालण्याचा मोह अधिक होतो. ओसाड दिसणारी जागा रिकामी असतेच असें नाहीं, हें दोन्ही पठारें सारख्याच स्पष्टपणें सांगतात.

सुटीच्या दिवशीं घाटावरच्या एखाद्या जुन्या गाडीवाटेनें सायकल घेऊन निघणाऱ्या तरुणानें एवढें अवश्य करावें. टायरमधील हवा थोडी कमी करावी, पाणी पुरेसें घ्यावें आणि वाट सोडूं नये. चढावर दम लागेल तेथें उतरून एक खडा उचलावा. त्यांत भोंकें आहेत कीं ठिपके आहेत तें पाहावें, हा रस वाहिला कीं उडाला याचा अंदाज बांधावा, आणि पुरतें पाहून झाल्यावर तो होता तेथें ठेवून पुढें जावें.